इ. स. ४०० चा रोमन नकाशा: रेघ ओढण्याआधी यादी निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मराठी पुस्तकासाठी तुम्हाला रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळाचा, साधारण इ. स. ४०० चा, प्रांतांच्या सीमा दाखवणारा नकाशा हवा आहे. तुम्ही चार तयार नकाशे जमवलेत आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही. एकात ब्रिटनचे चार प्रांत, दुसऱ्यात पाच. एकात ग्रीस साम्राज्याच्या पश्चिम अर्ध्याच्या रंगात, दुसऱ्यात पूर्व अर्ध्याच्या. डेशिया एकात डॅन्यूबच्या उत्तरेला, बाकीच्यांत दक्षिणेला. तुम्ही विचारलंय, यातला बरोबर कुठला, आणि सीमारेषा कुठून उचलायची?

गेली २१ वर्षं मी पुस्तकांसाठी नकाशे काढतो. बहुतेक काम मराठेशाहीचं, पण एका अनुवादित इतिहासमालेच्या निमित्तानं रोमन काळात शिरलो तो अजून बाहेर पडलेलो नाही. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचे चारही नकाशे बरोबर असू शकतात. ते वेगवेगळ्या सालांचे आहेत आणि खाली साल लिहिलेलं नाही, एवढाच त्यांचा दोष. महाराष्ट्राच्या एका नकाशात ३५ जिल्हे आणि दुसऱ्यात ३६ दिसले, तर आपण कुणाला खोटं ठरवत नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला हे ठाऊक असतं, म्हणून आधी नकाशाचं साल बघतो. रोमच्या नकाशाशी तसंच वागायचं. अडचण इतकीच की तिथला प्रत्येक पालघर कधी झाला याची तारीख आपल्याकडे नाही.

मूळ गोष्ट अशी की प्रांतांच्या सीमा दाखवणारा एकही रोमन नकाशा आपल्यापर्यंत पोचलेला नाही. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला पॉइटिंगर नकाशा सगळ्यांना आठवतो. पावणेसात मीटर लांब, जेमतेम ३४ सेंटिमीटर उंच, अशी ती गुंडाळी. पण आहे ती प्रत साधारण १२०० सालची, मूळ नव्हे. सगळ्यात पश्चिमेकडचं पान हरवलेलं. आणि तो आहे रस्त्यांचा नकाशा, गावं आणि त्यांच्यामधली अंतरं दाखवणारा. प्रदेशांची नावं मोठ्या अक्षरांत पसरलेली आहेत, हद्द कुठेच नाही. शिवाय त्यात ३३० साली राजधानी झालेलं कॉन्स्टँटिनोपल आहे आणि ७९ साली राखेखाली गेलेलं पॉम्पेईही आहे, म्हणजे साल विचारायची सोयच नाही. (जाता जाता, आपल्या केरळचं मुझिरिस हे प्राचीन बंदर त्यात आहे आणि त्याच्या शेजारी ऑगस्टसचं देऊळही दाखवलंय.)

मग ग्रंथांमध्ये छापलेल्या त्या ठसठशीत सीमा येतात कुठून? याद्यांमधून. कुठल्या विभागात कुठले प्रांत, कुठल्या प्रांतात कुठली शहरं, अशा याद्या उरल्या आहेत. अभ्यासक त्या याद्यांतली शहरं जमिनीवर शोधतात आणि दोन प्रांतांच्या शहरांमधून अंदाजानं रेघ नेतात. त्यामुळे कुठलाही नकाशा उघडला की मी पहिल्यांदा विचारतो, हा कुठल्या यादीचा नकाशा?

तुमच्या कामाच्या याद्या मुख्यतः दोन. पहिली व्हेरोनाची यादी. इटलीतल्या त्या शहरात सातव्या शतकातल्या एका हस्तलिखितात ती सापडली, मजकूर साधारण ३१४ च्या आसपासचा. डायोक्लेशियन (२८४ ते ३०५) यानं जुन्या पन्नासेक प्रांतांचे तुकडे करून संख्या शंभराच्या आसपास नेली आणि त्यांचे १२ गट केले, त्याचं चित्र या यादीत दिसतं. प्रांत लहान केले की अधिकाऱ्याला न्यायनिवाडा आणि करवसुली जवळून करता येते, आणि एकाच माणसाच्या हाती फार ताकद राहत नाही. अर्थात प्रजेला तसं वाटलं नाही. लॅक्टान्शियस हा ख्रिस्ती लेखक डायोक्लेशियनवर आधीच खार खाऊन होता. प्रांतांच्या खांडोळ्या केल्या आणि जिकडेतिकडे अधिकारीच अधिकारी झाले, अशी त्याची तक्रार आहे.

दुसरी यादी म्हणजे नोटिशिया डिग्निटाटम, साम्राज्याच्या अधिकारपदांची जंत्री. यात सुमारे १२० प्रांत येतात. इ. स. ४०० चा म्हणून जो नकाशा छापला जातो तो जवळजवळ नेहमी हिच्यावरून काढलेला असतो. पण हिच्यातही मेख आहे. पूर्वेचा भाग ४०० च्या किंचित आधीचा किंवा त्याच सुमाराचा. पश्चिमेच्या भागात मात्र ४२० च्या दशकापर्यंत दुरुस्त्या होत राहिल्या, त्याही अर्धवट. आपल्याकडे एखाद्या कार्यालयातला फलक निम्मा नवा आणि निम्मा जुना असतो ना, बदली होऊन गेलेल्या साहेबांचं नाव तसंच आणि खाली नव्या साहेबांचं, तशातली ही यादी. मूळ प्रत जर्मनीतल्या श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये होती, ती सोळाव्या शतकात गहाळ झाली. आपण वापरतो त्या तिच्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या नकला. त्यांत सुंदर रंगीत चित्रं आहेत. प्रांत स्त्रीरूपात, किल्ले छोट्या तटबंदीच्या गावांसारखे. ती चित्रं दिशा किंवा अंतर सांगत नाहीत. कुणी त्यावरून किल्ल्यांच्या जागा ठरवू लागलं तर थांबवा.

आता तुमच्या विसंगतींपैकी सोप्या दोन आधी उरकतो. ऑरेलियन बादशहानं २७० च्या दशकात डॅन्यूबच्या उत्तरेची, आधीच्या ट्राजान बादशहानं जिंकलेली डेशिया सोडून दिली. मात्र नाव सोडलं नाही. नदीच्या दक्षिणेला मिशिया प्रांताचा तुकडा काढून त्यालाच डेशिया म्हणायला सुरुवात केली. पुढे तिचेही दोन भाग झाले, शिवाय एका अख्ख्या विभागालाही तेच नाव मिळालं. म्हणून इ. स. ४०० च्या नकाशात डेशिया म्हणजे आजच्या सर्बिया-बल्गेरियाचा भाग, सोफियाच्या आसपासचा. ज्या नकाशात ती आजच्या रुमानियात आहे तो दुसऱ्या-तिसऱ्या शतकाचा आहे. दुसरी विसंगती ग्रीसची. चौथ्या शतकात बराच काळ ग्रीस, मॅसिडोनिया आणि डेशिया हे इटलीच्या बाजूच्या कारभारात होते. शतकाच्या शेवटी, थिओडोशियस बादशहाच्या मृत्यूच्या (३९५) आगेमागे, ते पूर्वेकडे गेले. तुमच्या सालाला ते पूर्वेच्या रंगातच हवेत.

ब्रिटनचं प्रकरण मात्र सावकाश सांगण्यासारखं आहे, कारण प्रांताची सीमा या गोष्टीचा आधार किती पातळ असतो ते इथे नीट दिसतं. व्हेरोनाच्या यादीत ब्रिटनचे चार प्रांत आहेत: ब्रिटानिया प्रिमा, ब्रिटानिया सेकुंडा, मॅक्सिमा सीझरिएन्सिस आणि फ्लाविया सीझरिएन्सिस. नोटिशियात पाचवा येतो, व्हॅलेन्शिया. नावं पाच, ठीक. पण कुठला कुठे? यादी गप्प आहे. जमिनीवर घट्ट रोवता येईल असा पुरावा मुख्यतः एकच. सायरेन्सेस्टर इथे ज्युपिटरच्या एका स्तंभाचा पायथा सापडला. त्यावर सेप्टिमियस नावाच्या अधिकाऱ्यानं तो स्तंभ पुन्हा उभारल्याचं कोरलंय आणि तो स्वतःला ब्रिटानिया प्रिमाचा अधिकारी म्हणवतो. म्हणजे सायरेन्सेस्टर प्रिमात. त्यावरून वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंड प्रिमात धरतात. लंडन बहुधा मॅक्सिमात, यॉर्क बहुधा सेकुंडात, लिंकन बहुधा फ्लावियात. प्रत्येकामागे "बहुधा" आहे, आणि छापील नकाशात तो शब्द कुठेही उमटत नाही. तिथे चार रंग असतात आणि मध्ये सुबक काळ्या रेघा.

व्हॅलेन्शियाची तर दशा त्याहून वाईट. ३६०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये मोठी धामधूम झाली, ती थिओडोशियस नावाच्या सेनापतीनं (पुढच्या बादशहाच्या वडिलांनी) मोडून काढली आणि परत मिळवलेल्या एका प्रांताला व्हॅलेन्शिया हे नाव दिलं, असं त्याच काळातला इतिहासकार अमिआनस सांगतो. कुठला भाग ते सांगत नाही. तरीही जुन्या ॲटलासांत हॅड्रियनची भिंत आणि तिच्या उत्तरेची अँटोनाइन भिंत यांच्या मधोमध, आजच्या दक्षिण स्कॉटलंडमध्ये, व्हॅलेन्शिया ठळक अक्षरांत छापलेली दिसते. ही जागा कुणी दिली? अठराव्या शतकात कोपनहेगनमध्ये राहणाऱ्या चार्ल्स बर्ट्रम नावाच्या इंग्रजी शिक्षकानं. वेस्टमिन्स्टरच्या एका मध्ययुगीन साधूचं हस्तलिखित सापडल्याची बतावणी त्यानं केली, सोबत नकाशाही दिला. मोठमोठे विद्वान फसले. ते प्रकरण १७५७ मध्ये छापलं गेलं आणि १८६० च्या दशकात बनावट ठरलं. मधली शंभर वर्षं निघालेल्या नकाशांत त्याची व्हॅलेन्शिया आहे आणि तिच्या उत्तरेला त्यानं चक्क कल्पनेतून उभी केलेली व्हेस्पासिआना आहे.

तुम्हाला हे मुद्दाम सांगतोय. एकोणिसाव्या शतकातले ॲटलास आता हक्कमुक्त आहेत, स्कॅन फुकट मिळतात, दिसतात देखणे. पुस्तकाला पैसे कमी असले की प्रकाशक हमखास त्यांच्याकडे वळतो. म्हणून जुना नकाशा हाती आला की आधी स्कॉटलंड बघा. तिथे व्हेस्पासिआना दिसली तर तो नकाशा भिंतीवर लावा, पुस्तकात नको.

आता सीमारेषा कुठून उचलायची, हा तुमचा दुसरा प्रश्न. मी रेघ उचलत नाही, ठिपके उचलतो. आधी शहरं मांडायची. प्लीअडीज या खुल्या स्थळकोशातून प्राचीन गावांचे अक्षांश-रेखांश मिळतात, श्रेय दिलं की वापरायला मोकळे. नंतर यादीप्रमाणे प्रत्येक शहराला प्रांताचं नाव लावायचं आणि प्रांतागणिक ठिपक्यांना रंग द्यायचा. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे एका दुपारचं काम आहे. हे झालं की पडद्यावर एक गोष्ट आपोआप दिसते. काही ठिकाणी दोन रंगांचे ठिपके एकमेकांना खेटून असतात, तिथे सीमा पाचदहा किलोमीटरच्या आत पक्की होते. काही ठिकाणी दोन रंगांमध्ये दोनशे किलोमीटर रिकामं असतं. तिथे रेघ कुठूनही नेली तरी कुणी चूक म्हणू शकत नाही आणि बरोबरही म्हणू शकत नाही.

पूर्वेकडे हे सोपं जातं. सहाव्या शतकाच्या सुरुवातीची हिएरोक्लीसची यादी आहे, तिच्यात ६४ प्रांत आणि नऊशेच्या वर शहरं प्रांतवार दिली आहेत. ती तुमच्या सालानंतर शंभरेक वर्षांची, म्हणून मधल्या काळातले बदल वजा करावे लागतात. गॉलसाठी, म्हणजे आजच्या फ्रान्स आणि आसपासच्या भागासाठी, ४०० च्या सुमाराची वेगळी यादी आहे, १७ प्रांत आणि त्यांतली शहरं. चर्चनं आपल्या कारभारासाठी ती जपली म्हणून उरली. फ्रान्समध्ये आणखी एक सोय आहे. मध्ययुगातल्या बिशपांच्या हद्दी पुष्कळदा जुन्या रोमन नगरप्रदेशांवरच बसल्या होत्या. शिवाय गावांची नावं मदतीला येतात. लॅटिनमध्ये सीमेला फिनेस म्हणत. रॅंस आणि सुआसाँ यांच्यामधलं फीम हे गाव त्याच शब्दावरून आलं. आपल्या मुंबईतलं शीव तसंच, मुंबई बेटाची शीव जिथे संपायची ते ठिकाण. नकाशावर असं नाव सापडलं की मला जमिनीत पुरलेला शिवेचा दगड सापडल्याचा आनंद होतो.

चर्चच्या हद्दींवर डोळे मिटून विसंबूही नका. त्या सरकारी हद्दींच्या मागोमाग जायच्या, पण भांडत भांडत. यातलं माझं आवडतं भांडण कॅपाडोशियाचं, म्हणजे आजच्या मध्य तुर्कस्तानातलं. ३७२ च्या सुमारास व्हॅलेन्स बादशहानं हा मोठा प्रांत दोन केला. राजधानी सीझरिया, तिथला बिशप बॅसिल. नव्या दुसऱ्या भागाची राजधानी तिआना, तिथला बिशप अँथिमस. अँथिमस म्हणाला, सरकारनं प्रांत वेगळा केला, तेव्हा इथला मुख्य बिशप मीच. बॅसिल म्हणाला, सरकारी रेघेशी चर्चचा काय संबंध. टॉरस डोंगरातल्या एका ख्रिस्ती स्थानाचं उत्पन्न सीझरियाला यायचं. ते खेचरांवर लादून येत असताना अँथिमसच्या माणसांनी वाट अडवली आणि खेचरं पळवली. मग बॅसिलनं वादग्रस्त पट्ट्यात आपली माणसं बसवायला सुरुवात केली. सासिमा नावाच्या ठिकाणी त्यानं आपला जिवलग मित्र ग्रेगरी याला बिशप नेमलं. ग्रेगरीनं त्या जागेचं वर्णन करून ठेवलंय: तीन रस्ते मिळतात तिथला टप्पा, पाणी नाही, गवताची काडी नाही, नुसती धूळ, गाड्यांचा खडखडाट आणि येणारे-जाणारे परके लोक. त्यानं तिथे कधी नीट कारभार केलाच नाही, आणि दोघांच्या मैत्रीत कायमची अढी पडली. माझ्या नकाशात कॅपाडोशिया प्रिमा आणि सेकुंडा यांच्यामधली रेघ जेमतेम दीड सेंटिमीटरची आहे. ती ओढताना दर वेळी मला ती खेचरं दिसतात.

नोटिशियात कॅपाडोशिया दोन आहेत, व्हेरोनाच्या यादीत एक. तुमचे चार नकाशे कुठल्या यादीचे ते ओळखायला हीसुद्धा चांगली खूण. इजिप्तचीही तशीच: व्हेरोनाच्या यादीत तो पूर्व विभागात मोडतो, पुढे ३८० च्या सुमारास स्वतंत्र विभाग होतो.

विभाग म्हणजे काय ते आता सांगायला हवं, कारण मराठी पुस्तकात सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. प्रांत, त्याच्या वर डायोसीज, त्याच्या वर प्रीफेक्चर, अशी उतरंड आहे. मराठीत कोश उघडला तर डायोसीजला "धर्मप्रांत" मिळतो, कारण वसईचा धर्मप्रांत वगैरे आपण रोज वाचतो. रोमन नकाशावर हा शब्द घातलात तर सपशेल चूक होईल. डायोसीज ही मुळात सरकारी करवसुलीची आणि कारभाराची पायरी. चर्चनं तो शब्द नंतर उचलला. मी "विभाग" लिहितो आणि त्याच्या प्रमुखाला, म्हणजे व्हिकॅरियसला, सरळ विभागीय आयुक्ताच्या जागी समजा असं वाचकाला सांगतो. प्रांताधिकाऱ्याच्या वर, पण प्रीफेक्टच्या खाली. मराठी वाचकाला पुणे विभाग, नाशिक विभाग माहीत असतात, त्यामुळे उतरंड लगेच कळते. उपमा फार ताणू नका, एवढंच.

ताणायची नाही ती का, ते बघा. विभागाच्या रंगात दिसणारा प्रत्येक प्रांत त्या आयुक्ताचं ऐकत होताच असं नाही. आशिया प्रांताचा प्रोकॉन्सल, म्हणजे वरच्या दर्जाचा प्रांताधिकारी, थेट बादशहाला उत्तरदायी होता, शेजारचे हेलेस्पाँट आणि बेटांचा प्रांत हेही त्याच्या हाताखाली. कार्थेजचा प्रोकॉन्सलही आफ्रिकेच्या आयुक्ताच्या वर मान करून चालायचा. इटली हा नावाला एक विभाग, पण उत्तरेचा कारभार मिलानहून आणि दक्षिणेचा, सिसिली-सार्डिनियासकट, रोममधल्या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. आणि आफ्रिकेच्या वायव्य टोकाचा टिंगिटाना प्रांत, आजच्या टँजिअरचा, आफ्रिका विभागात नव्हताच. तो स्पेनमध्ये मोजायचे, कारण सामुद्रधुनी ओलांडणं सोपं होतं. नवशिका माणूस समुद्र दिसला की रंग बदलतो. तिथे बदलायचा नाही. सैन्याचा थर यापेक्षाही वेगळा. सीमेवरचे सेनाधिकारी प्रांताधिकाऱ्यांपासून तोडलेले होते आणि एकेकाचा पट्टा अनेक प्रांतांतून जायचा. तो थर तुमच्या नकाशात घालू नका, गर्दी होईल.

परदेशी सीमांचं थोडक्यात. पूर्वेला साल फार महत्त्वाचं. ३६३ साली ज्युलियन बादशहा मोहिमेत मारला गेला आणि त्याच्या जागी आलेल्या जोव्हियननं निसिबिस आणि सिंगारा ही ठाणी इराणला देऊन सैन्य सोडवून आणलं. म्हणून ३५० च्या नकाशात निसिबिस रोममध्ये, ४०० च्या नकाशात इराणमध्ये. ऱ्हाइन आणि डॅन्यूबवर नदीची रेघच सीमा म्हणून दाखवतात, ते तुमच्या मापाला चालतं, जरी पलीकडच्या काठावरही रोमन ठाणी होती.

आता माझी फजिती सांगतो, तुमची टळेल. पहिला रोमन नकाशा काढताना मी आजची किनारपट्टी जशीच्या तशी घेतली. प्रांत तपासले, नावं तपासली, छापून आलं. मग एका वाचकानं कळवलं, तुमच्या रोमन नेदरलंड्समध्ये समुद्रातून एक सरळ रेघ गेली आहे. ती १९३२ साली पूर्ण झालेल्या बांधाची होती. त्याच्या आतल्या, पाणी उपसून मिळवलेल्या जमिनीचा पट्टीनं आखल्यासारखा काठही होता. रोमन काळात तिथे एक सरोवर होतं, मोठा समुद्री आखात मध्ययुगातल्या पुरांनी झाला. तेव्हापासून मी आधी पाणी तपासतो. इफिसस आणि राव्हेना ही बंदरं गाळानं आज समुद्रापासून किलोमीटर-किलोमीटर आत गेली आहेत. युफ्रेटिसवर अतातुर्क धरणाचा फुगवटा दिसतो, त्याच्याखाली सामोसाटा हे रोमन शहर बुडालेलं आहे. सुएझ कालवा आणि नासर सरोवर तर पुसायलाच हवं. उत्तर कॅरोलायना विद्यापीठाच्या प्राचीन नकाशा केंद्रानं जुनी किनारपट्टी तयार करून मोफत ठेवली आहे, तीच घ्या.

छपाईचं गणित तुमच्या प्रकाशकावर अवलंबून. तुम्ही पुस्तकाचा आकार सांगितलेला नाही. डेमी आकाराचं एक पान असेल आणि काळ्या-पांढऱ्यात छापायचं असेल, तर १२० नावं बसणार नाहीत, हट्ट करू नका. मुख्य नकाशात फक्त विभाग, पूर्व-पश्चिमेची जाड रेघ आणि त्रिअर, मिलान, सिर्मियम, कॉन्स्टँटिनोपल, अँटिऑक अशी ठळक शहरं. ज्या प्रदेशांबद्दल पुस्तकात खरोखर मजकूर आहे, त्यांचे वेगळे छोटे नकाशे प्रांतांसह. दोन पानांवर पसरवणार असाल तर बांधणीत इटली गडप होणार नाही असं बघा. नकाशाच्या मधोमध इटली असते, त्यामुळे ती हमखास शिवणीत जाते.

नावांबद्दल एक सावधगिरी. "आशिया", "आफ्रिका", "अरबस्तान" ही नावं मराठी वाचकाच्या डोक्यात खंड किंवा देश म्हणून बसलेली आहेत. रोमन आशिया म्हणजे तुर्कस्तानचा पश्चिम किनारा. प्रांत म्हणून आफ्रिका म्हणजे साधारण ट्युनिशियाचा उत्तर भाग. अरेबिया म्हणजे जॉर्डन आणि दक्षिण सीरियाच्या आसपासचा पट्टा. म्हणून मी "आशिया प्रांत" असं जोडून लिहितो आणि अरबस्तानऐवजी अरेबिया. उच्चार लॅटिन ठेवायचे की इंग्रजी वळणाचे, हे तुम्ही ठरवा. पण एकदा ठरवलं की पुस्तकभर तेच. नकाशात "कैसरिया" आणि मजकुरात "सीझरिया" असं झालं, तर वाचक दोन गावं समजतो.

तर तुमच्या जागी मी हे करीन: साल ४०० पक्कं, यादी नोटिशियाची, पूर्वेची शहरं हिएरोक्लीसवरून आणि गॉलची तिथल्या यादीवरून ताडून. पूर्व-पश्चिमेची सीमा अखंड रेघेत. विभागांच्या सीमा जाड तुटक. प्रांतांच्या सीमा बारीक तुटक, आणि जिथे ठिपकेच नाहीत तिथे रेघ सोडून द्यायची, नुसतं नाव पसरवायचं. खाली चौकटीत: "इ. स. ४०० च्या सुमारास. प्रांत नोटिशिया डिग्निटाटमनुसार. सीमा अंदाजे." प्रकाशकाला तुटक रेघा आवडत नाहीत, नकाशा अपुरा वाटतो म्हणतात. त्या एका गोष्टीवर मात्र हटून बसा.

राहिली व्हॅलेन्शिया. माझ्या नकाशात ब्रिटनच्या चार प्रांतांची नावं जमिनीवर आहेत आणि पाचवं नाव मी पश्चिमेला आयरिश समुद्रात लिहितो, पुढे प्रश्नचिन्ह. एकदा मुद्रितशोधकानं ते प्रश्नचिन्ह टंकदोष समजून उडवलं आणि रोमन साम्राज्याला समुद्रात एक प्रांत मिळाला. आता मी नावाखाली बारीक अक्षरात "जागा अनिश्चित" असं लिहितो.